दहापैकी किती?

पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी आईला पहिल्यांदा विचारलं, "आजी, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही." आईने चष्मा सारखा केला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "चार." डॉक्टरांनी कागदावर चार लिहिलं.

आदल्या रात्री दोन वाजता ती पलंगाच्या कडेवर बसून दोन्ही हातांनी गुडघे धरून पुढेमागे हलत होती. 'आई गं, आई गं' चाललं होतं. मी उठून तेल गरम करून आणलं, शेक दिला, चार वाजता तिचा डोळा लागला. आणि ही बाई डॉक्टरसमोर चार सांगते! बाहेर आल्यावर मी चिडले. तिचं उत्तर तयार होतं. "पैकीच्या पैकी मी कोणाला दिले का कधी? बत्तीस वर्षं शिकवलं, निबंधाला दहापैकी दहा एकालाही नाही दिले."

तेव्हापासून मी या आकड्याचा विचार करते आहे. हृदयाचे ठोके मोजता येतात, साखर मोजता येते, क्रिएटिनिन मोजता येतं. दुखणं मात्र ज्याचं त्याला विचारावं लागतं, आणि जे सांगितलं जाईल त्यावर विश्वास ठेवावा लागतो. ज्याला दुखतं त्याला त्याहून पक्कं जगात काही नसतं, आणि बाजूला बसलेल्याला त्याहून संशयास्पद काही नसतं. इलेन स्कॅरी या अमेरिकन अभ्यासिकेने १९८५च्या आपल्या 'द बॉडी इन पेन' या पुस्तकात साधारण हेच मांडलं आहे. आमच्या घरी ते पुस्तक न वाचताही सगळ्यांना ते कळलं होतं. भाऊ पुण्याहून फोनवर विचारायचा, "खरंच एवढं दुखतं का गं तिला, की एकटेपणा आहे?" तो वाईट मुलगा नाही. त्याला दिसत नव्हतं, एवढंच.

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघ्यांची गादी झिजून हाडाला हाड लागलेलं. तिच्या भाषेत "वंगण संपलं". मनपाच्या शाळेत फळ्यासमोर उभं राहण्यात आयुष्य गेलं, आणि उरलेलं स्वयंपाकघरात. साधा मार्ग म्हणजे गुडघे बदलणं. २०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली आणि नेहमीच्या वापरातला कोबाल्ट-क्रोमचा गुडघा चौपन्न हजार सातशे वीस रुपयांवर आला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या तीन जणींनी एका वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली. आईच्या हृदयाने मात्र तोवर मान टाकली होती. भूलतज्ज्ञांनी कागद पाहिले आणि स्वच्छ शब्दांत नाही म्हणाले. डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या तिने दहा वर्षं खाल्ल्या होत्या, त्यांनी मूत्रपिंडांची वाट लावली, म्हणून त्या बंद. पॅरासिटामॉल पाण्यासारखं. मलमं, तेलं, गुडघ्यातली इंजेक्शनं करून झाली. व्यायाम ती करायची, पण दुखणं इतकं की व्यायामच होत नसे.

मग डॉक्टरांनी पॅच सुचवला. ब्युप्रेनॉर्फिन, तासाला पाच मायक्रोग्रॅम, आठवड्याला एक. मूत्रपिंडांना त्यातल्या त्यात सोसणारं औषध. आणि मग एक वाक्य, जे त्यांनी आवाज जरा खाली आणून उच्चारलं: "हे अफूच्या वर्गातलं आहे, घरच्यांना आधीच सांगून ठेवा."

घरच्यांना सांगितलं. आत्याचा फोन दहा मिनिटांत आला. "वहिनीला अफूवर ठेवून राहिली का तू?"

अफू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय काय येतं! चिनी अड्डे, अफूची गोळी, गटारात पडलेला माणूस. 'धर्म ही अफूची गोळी' हे वाक्य आपण मार्क्सच्या नावावर इतक्या सहज फेकतो, पण ज्या परिच्छेदातून ते आलं तो १८४०च्या दशकातला आहे. त्या काळी अफू हे युरोपातल्या घराघरांतलं दुखण्यावरचं औषध होतं, आणि त्याच परिच्छेदात धर्माला पिचलेल्या माणसाचा उसासाही म्हटलेलं आहे. म्हणजे तिथे नशेइतकंच दुखणंही होतं. आपण दुखणं गाळलं आणि नशा ठेवली.

गंमत अशी की त्याच झाडाचं बी आमच्या नागपूरच्या सावजी रश्श्यात पडतं. दिवाळीच्या अनारशाला तीच खसखस. आत्याच्या हातचे अनारसे प्रसिद्ध आहेत. हे मी तिला फोनवर म्हटलं नाही, पण तोंडापर्यंत आलं होतं.

पॅच मिळवणं हा एक वेगळाच अध्याय. पहिल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून मान हलवली. दुसऱ्याने चिठ्ठी उलटीपालटी करून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिसरा ओळखीचा होता; तो म्हणाला, "ताई, ठेवायचं काही नाही हो, पण रजिस्टर, तपासणी, कोण झंझट करते? वर्षातून दोन गिऱ्हाईकं." शेवटी दवाबाजारात मिळाला. मी पन्नाशी उलटलेली बाई, हातात आईची फाइल, आणि तरी बाहेर पडताना मी पिशवी छातीशी धरली होती, जणू काही चोरून नेते आहे.

ही भीती आकाशातून पडलेली नाही. १९८५च्या नोव्हेंबरात अमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस, लागू झाला. बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा आणि परवान्यांची अशी साखळी की एका मॉर्फिनच्या गोळीसाठी दवाखान्याला वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे परवाने एकाच वेळी जिवंत ठेवावे लागत. दवाखान्यांनी सोपा मार्ग निवडला, औषधच ठेवणं सोडलं. १९९७ साली अख्ख्या देशाने वापरलेलं मॉर्फिन फक्त अठरा किलो होतं, बारा वर्षांपूर्वीच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून जास्त घट. आणि हा तोच देश, जिथे मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते आणि बराच माल परदेशी जातो. जगाचं दुखणं थांबवणारा कच्चा माल आपला, आणि आपल्या माणसाला मात्र तो नाही. मुंबईचं जे. जे. रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं त्या जमशेटजी जीजीभॉयांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. विषयांतर झालं, पण अफू आणि रुग्णसेवा यांचं नातं आपल्याकडे पहिल्यापासूनच असं वाकडंतिकडं आहे.

२०१४ साली कायदा बदलला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे लोक वीस वर्षं त्यासाठी खटपट करत होते. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन अशी सहा औषधं पुढे 'अत्यावश्यक' ठरली आणि परवाना एकाच ठिकाणी मिळू लागला. मुंबईत 'शांती आवेदना सदन' १९८६पासून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळतं आहे, आमच्या नागपुरात 'स्नेहांचल' तेच काम करतं. तिथे मॉर्फिन हा शब्द कुणी दबक्या आवाजात उच्चारत नाही. तरीही २०१७ साली 'लॅन्सेट'च्या एका आयोगाने हिशेब मांडला तेव्हा भारतातल्या रुग्णांना गरजेच्या जेमतेम चार टक्के अफूजन्य औषध पोचतं असं दिसलं. अमेरिकेत तेच गरजेच्या तीसपट होतं.

पण कॅन्सरचा प्रश्न नैतिकदृष्ट्या सोपा आहे, आणि हे म्हणताना मला त्या रुग्णांचा अनादर करायचा नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला सवय लागेल म्हणून औषध नाकारणं हा मूर्खपणा आहे, हे आत्यालाही पटेल. आईचं तसं नाही. झिजलेल्या गुडघ्यांनी कुणी मरत नाही. तिच्यापुढे दोन वर्षं असतील, दहा असतील. दुखणं रोजचं आहे आणि शेवट दिसत नाही. अशा माणसाला दीर्घकाळ चालणारं अफूचं औषध द्यावं का, हा खरा अवघड प्रश्न. आणि तो विचारल्याबद्दल आत्याला हसून चालणार नाही, कारण अमेरिकेने तो विचारला नाही.

तिथे काय झालं ते बहुतेकांनी वाचलं असेल. १९८०मध्ये एका वैद्यकीय मासिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूची औषधं मिळालेल्या सुमारे बारा हजार रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, असं त्यात होतं. १९८६मध्ये अडतीस रुग्णांवरचा एक निबंध आला: कॅन्सर नसलेल्यांनाही हे औषध दीर्घकाळ देता येतं. एवढ्याशा पायावर १९९६पासून ऑक्सिकॉन्टिन नावाच्या बारा तास टिकणाऱ्या गोळीचा बाजार उभा राहिला. पाठदुखी, सांधेदुखी, सगळ्याला ती. कंपनीने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला, एकदा २००७ साली, पुन्हा २०२० साली. गोळीकडून हेरॉइनकडे, हेरॉइनकडून चोरट्या फेंटॅनिलकडे असा प्रवास झाला आणि २०२१पासून सलग काही वर्षं अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दर वर्षी एक लाखाहून जास्त अमेरिकन मेले. त्यांच्यात कितीतरी जण असे, ज्यांची सुरुवात डॉक्टरच्या चिठ्ठीने झाली होती.

म्हणजे एका देशाने विश्वास ठेवायला नको तितका ठेवला, दुसऱ्याने ठेवलाच नाही. आणि दोन्हीकडे माणसं तळमळली.

या सगळ्यात एक साधा प्रश्न राहून गेला होता: सांधेदुखीवर हे औषध मुळात लागू पडतं का? २०१८ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांमधल्या एका चाचणीचा निकाल आला. पाठदुखी किंवा गुडघा-खुब्याची झीज असलेले दोनशे चाळीस लोक, निम्म्यांना अफूजन्य औषधं, निम्म्यांना इतर, आणि वर्षभर पाहणी. हिंडण्याफिरण्यात दोन्ही गटांत काही फरक नाही. दुखण्यात तर अफूविना असलेलेच किंचित बरे निघाले, आणि त्रास अफूवाल्यांना जास्त झाला. मी हे वाचलं तेव्हा आईच्या दंडावर दुसरा पॅच होता. मला एकदम फसवल्यासारखं वाटलं. कुणी फसवलं, ते मात्र सांगता येईना.

डॉक्टरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, बरोबर आहे. पण त्या दुसऱ्या गटाला ज्या गोळ्या दिल्या, त्यांतल्या मुख्य गोळ्या तुमच्या आईला चालत नाहीत. चाचणी सरासरी सांगते. तुमच्या आईसमोर जे दोन पर्याय आहेत, त्यांची तुलना त्यात झालेलीच नाही.

हे उत्तर तर्काला धरून आहे. पण त्यात एक धोकाही आहे, आणि तो मला तेव्हाच जाणवला. प्रत्येक डॉक्टर प्रत्येक रुग्णाबद्दल हेच म्हणू शकतो. अमेरिकेत कदाचित असंच म्हटलं गेलं असेल, एकेका म्हातारीबद्दल, अगदी चांगल्या मनाने. सरासरीत आपला माणूस नसतोच; पण म्हणून सरासरी खोटी ठरत नाही. मग करायचं काय, तर लावून बघायचं आणि बघताना स्वतःशी खोटं बोलायचं नाही. हे दुसरं फार कठीण आहे.

शेजारच्या काकूंनी पॅच पाहिला आणि विचारलं, "अहो, दुखतं गुडघ्याला अन् लावलं दंडाला?" प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. पॅच गुडघ्याला लावून उपयोग नाही. औषध कातडीतून रक्तात जातं, रक्तातून मेंदूत, आणि गुडघ्यात जे चाललंय ते तसंच चालू राहतं. हाड हाडाला घासतंच. बातमी पोचते, पण तिची धार जाते. मग आपण काय बरं केलं, गुडघा की आई? मला वाटतं हे उत्तर आई असेल तर औषध योग्य, आणि ते उत्तर तिनेच द्यायला हवं.

पहिले चार दिवस मळमळ, चक्कर. बद्धकोष्ठ इतकं की इसबगोलाचं काही चालेना, वेगळं औषध आणावं लागलं. दुसऱ्या आठवड्यात मात्र एका सकाळी ती काठी टेकत एकटी अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली आणि आली. मी खिडकीतून पाहिलं आणि ओरडायच्या ऐवजी गप्प उभी राहिले. रात्री 'आई गं' ऐकू आलं नाही. महिन्याभराने डॉक्टरांनी मात्रा दहावर नेली. त्या महिन्यात मी कित्येक वर्षांनी सलग झोपले.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मी थांबले, कारण तेव्हाही असंच थांबले होते. आई आता दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डुलायची. शब्दकोडं अर्धं राहायचं. पूर्वी ते दहा मिनिटांत संपायचं. विचारलं की "बरं आहे" म्हणायची. घर शांत होतं. भाऊ म्हणाला, "बघ, किती फरक पडला." आत्याही गप्प झाली. सगळे समाधानी.

मला आजीची एक गोष्ट आठवली. तिच्या लहानपणी वऱ्हाडात कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराच्या जिभेवर अफूचा कण ठेवायच्या, म्हणजे पोर धुऱ्यावरच्या झोळीत दिवसभर निजून राही. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायाही पोरांना बाळगोळी देत, आणि त्या गोळीत अफू असे. त्या बाया निर्दय नव्हत्या. पोराला घेऊन तास भरता येत नव्हते आणि खाडा परवडत नव्हता. पण ती गोळी पोराच्या दुखण्यासाठी नव्हती. पोराच्या रडण्यासाठी होती.

मी आईला काय दिलं होतं? तिचं दुखणं कमी झालं होतं हे खरं. पण किती, आणि माझी झोप त्यात किती, हे दोन धागे मला सोडवता येईनात. 'आई गं' ही आपली मराठी कळ मोठी विचित्र आहे. दुखलं की आपण दुखतंय असं सांगत नाही, हाक मारतो. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या आजीला आई रात्री दोन वाजता हाक मारायची, आणि ओ द्यायला मी उठायचे. हाक थांबली म्हणजे दुखणं थांबलं, की हाक मारणारी पेंगली?

याची दुसरी बाजू म्हणजे सोसणं. आमच्या घरात सोसणाऱ्या बाईचं फार कौतुक. आजीने नऊ बाळंतपणं कशी सोसली, आईने बाबांच्या आजारपणात तापात उभं राहून कसे डबे केले, हे लग्नाकार्यात सांगितलं जातं. इथून तासाभराच्या अंतरावर पवनारला विनोबांनी १९८२च्या नोव्हेंबरात अन्न आणि औषध दोन्ही नाकारून देह ठेवला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तो त्यांचा स्वतःचा, उघड्या डोळ्यांनी घेतलेला निर्णय होता. सोसणारीला जिथे विचारलेलंच नसतं, तिथे सोसण्याचं कौतुक हे तिला गप्प बसवण्याचं सगळ्यांत स्वस्त साधन असतं. मला त्या महिन्यात उमगलं ते असं की पॅचसुद्धा त्याच कामी येऊ शकतो. एकीकडे 'किती सोसते गं!' आणि दुसरीकडे 'औषध चालू आहे ना तिला?' दोन्ही वाक्यांनंतर बोलणाऱ्याला त्या खोलीतून बाहेर पडता येतं.

याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा त्यांचं स्वतःचं शरीर मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने खचलेलं होतं; आधाराशिवाय त्यांना उभं राहणं कठीण होतं. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या धम्मावरच्या ग्रंथात त्यांनी चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीबद्दलच प्रश्न उभा केला. आयुष्य म्हणजेच दुःख असेल तर धर्म निराशेचा होईल. त्यांच्या लेखी दुःखात माणसाने माणसावर लादलेलं दुःख मोठं होतं, आणि ते दूर करता येण्याजोगं होतं. झिजलेला गुडघा कुणी लादलेला नसतो, हे मान्य. पण पूर्णपणे तसंही नाही.

हे मला शिकवलं आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी. वय साठच्या आत, गुडघे आईइतकेच गेलेले. पाच घरांची फरशी उकिडवं बसून पुसायची, मग दुसरं काय होणार? आमच्याच गल्लीच्या तोंडावरच्या दुकानातून त्या सुट्या गोळ्या घेतात, डायक्लोच्या, चिठ्ठीशिवाय. सकाळी एक, दुपारी एक. हेच औषध आईच्या मूत्रपिंडांना भोवलं. हेच औषध जनावरांना दिलं जायचं. मेलेल्या गाईबैलांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि भारतातली गिधाडं जवळपास संपली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. लंगडणाऱ्या बैलाचं दुखणं थांबावं म्हणून कुणीतरी प्रेमाने टोचलेलं इंजेक्शन! मावशींच्या गोळ्यांवर मात्र कुणाचं लक्ष नाही. कायद्याने सगळी भीती अफूभोवती उभी केली आणि हे दुसरं दार सताड उघडं ठेवलं.

एका सोमवारी मी आईचा जुना पॅच काढत होते. मावशी दारात फडकं घेऊन उभ्या होत्या. "फेकून राहिले का ताई तो? मले द्या नं. एक दिवस तरी लावून पायतो."

वापरलेल्या पॅचमध्ये औषध बरंच उरलेलं असतं, म्हणूनच तो चिकट बाजू आत करून दुमडून टाकायचा असतो, पोरांच्या, जनावरांच्या हाती लागू नये म्हणून. चिठ्ठीशिवाय दुसऱ्याला देणं बेकायदाही आहे आणि धोक्याचंही. त्यांना दम्याचा त्रास, वर रात्री झोपेची कसलीशी गोळी घेतात. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. प्रत्येक शब्द खरा होता. त्या "बरं ताई" म्हणाल्या आणि फरशी पुसायला खाली बसल्या. बसताना खुर्चीचा पाय धरला आणि हळूच 'आई गं' म्हणाल्या.

मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, दोनदा. दोन्ही वेळा अर्धा दिवस रांगेत गेला, आणि दोन घरांनी खाड्याचे पैसे कापले. मोठ्या मॉपचा दांडा आणून दिला, आता उभ्याने पुसतात, आमच्या घरी तरी. बाकीच्या चार घरांचं मला माहीत नाही. गोळ्या थांबवा म्हटलं तर म्हणाल्या, "मंग काम कोण करंल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आईशी मी शेवटी बोलले. सरळच विचारलं, तुला हे हवंय का. ती रागावली. "आता विचारून राहिली?" मग बराच वेळ गप्प. म्हणाली, दुखणं कमी आहे, खोटं नाही बोलत. पण पाढे विसरायला लागले. सतराचा पाढा मध्येच तुटतो. हे तिने महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सगळे इतके खूश होते.

डॉक्टर म्हणाले, एकदम काढायचं नाही, शरीराला सवय झालेली असते. आधी पाचवर येऊ. ही सवय आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनी पुन्हा समजावलं. पाचवर आलो. तुळशीपर्यंतची फेरी राहिली, डुलकी कमी झाली, रात्रीचं दुखणं थोडं परतलं. मग एप्रिल आला. नागपूरचा उन्हाळा या औषधाला मानवत नाही: अंग तापलं की कातडीतून जास्त औषध आत शिरतं, आणि घामाने पॅच सुटतो तो वेगळाच. पारा चव्वेचाळीसवर गेला तेव्हा डॉक्टरांशी बोलून आईने तो काढायचं ठरवलं. आत्याला वाटलं आपण जिंकलो. आईने तिला सांगितलं, "पाऊस पडला की पुन्हा लावीन. पुतण्याचं लग्न आहे अमरावतीला, तेव्हा तर नक्की. लग्नात मी पेंगली तरी चालते, तिथे पाढे कोण विचारते?"

सध्या ती व्यायाम करते. पलंगावर पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा, दहा अंक मोजायचे, सोडायचे. या साध्या गोष्टीचा गुडघ्याला उपयोग होतो, याला पुरावा आहे. परवा दुपारी मी कामावरून लवकर आले तर मावशी खाली चटईवर पाय पसरून बसल्या होत्या, त्यांच्याही गुडघ्याखाली टॉवेल, आणि आई वरून मास्तरीण झाली होती. "दाबा. सोडू नका. पाच, सहा, सात..." मावशी हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मोजणं थांबल्यावर आईने विचारलं, "किती दुखते? दहापैकी?"

"पुरे दहा, बाई. अन् काय?"

आईने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता कापणार दोन-तीन मार्क. "बरं," ती म्हणाली, "आता दुसरा पाय घ्या." आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.